पै-पैचा हिशोब मागणारे बाबासाहेब

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोन चित्रं उभी राहतात. एक, निळा कोट घातलेले, हातात संविधान धरलेले बाबासाहेब. दुसरं, महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलेले बाबासाहेब. आपल्या घराघरात ही चित्रं आहेत आणि ती असायलाच पाहिजेत. पण बाबासाहेबांचं आणखी एक रूप आहे, ते भिंतीवर फारसं दिसत नाही. सरकारी जमाखर्चाच्या वह्या पुढ्यात घेऊन बसलेले बाबासाहेब. सरकारने कोणाकडून किती पैसा घेतला, कशावर उधळला, आणि ज्याच्या खिशातून तो गेला त्याला परत काय मिळालं, हे विचारणारे बाबासाहेब. ते जगात पहिल्यांदा नावाजले गेले ते अर्थशास्त्री म्हणून. वकिली, राजकारण, संविधान हे सगळं त्यानंतरचं.

आज वर्तमानपत्रात बजेट, टॅक्स, खाजगीकरण, सबसिडी हे शब्द रोज येतात. आपण पान उलटतो. वाटतं, हे शेठ लोकांचं काम. पण बाबासाहेबांनी तसं पान उलटलं नव्हतं. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांच्या जीवनाची ही बाजू थोडक्यात मांडतो आहे.

दुप्पट भाडं

गोष्ट १९०१ सालची आहे. भीमराव तेव्हा दहा वर्षांचे. वडील सुभेदार रामजी सकपाळ खटाव तालुक्यात खजिनदाराच्या कामावर होते. दुष्काळ पडला होता. लोकांना रोजगार मिळावा म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायचं काम काढलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना वडिलांनी बोलावलं. भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची दोन मुलं अशी चार पोरं नवे कपडे घालून साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. घ्यायला कोणी आलं नव्हतं. पत्र पोचलं नव्हतं. स्टेशनमास्तरांनी जात विचारली, पोरांनी सांगून टाकली, आणि मग बैलगाडीवाला कोणी तयार होईना. पोरांजवळ पैसे होते. शेवटी एक गाडीवान दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तेही या अटीवर की गाडी पोरांनी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचं. रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही.

हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचा म्हणून ऐकत आलो. तो आहेच. पण त्यात अर्थशास्त्राचा पहिला धडाही आहे, बरं का. बाजाराचा नियम असा की ज्याच्या हातात पैसा त्याला माल मिळतो. रुपयाला जात नसते असं म्हणतात. पण त्या दिवशी मसूरला दहा वर्षांच्या पोराला कळलं की आपला रुपया दुसऱ्याच्या आठ आण्यांइतकाच चालतो. रुपया तोच, टाकसाळ तीच, आणि किंमत निम्मी!

पुढे १९१७ साली अमेरिका-इंग्लंडमध्ये शिकून ते बडोद्याला नोकरीवर हजर झाले तेव्हा तेच झालं. पगार होता, राहायला घर मिळेना. एका पारशी धर्मशाळेत दीड रुपया रोजावर नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं. मग मुंबईत परत येऊन त्यांनी शेअर-रोख्यांचा सल्ला देणारी छोटी पेढी काढली. सल्ला चांगला, शिक्षण कोलंबियाचं. पण सल्ला देणाऱ्याची जात कळली आणि गिऱ्हाईक येईनासं झालं. तीन प्रसंग, तीन बाजार: गाडीचा, घराचा, धंद्याचा. तिन्ही बाजार वरून खुले होते, आणि तिन्ही त्यांच्यासाठी बंद. बाबासाहेबांचे अर्थविषयक विचार समजायचे तर हे तीन दरवाजे आधी लक्षात ठेवायला हवेत.

शिक्षणासाठी काढलेलं कर्ज

सुभेदारांना पेन्शन तुटपुंजी. पोराला पुस्तक हवं असलं की ते मुलींच्या घरी जात, त्यांचा दागिना मागून गहाण ठेवत, आणि पेन्शन आली की सोडवून देत. पुस्तकाची खरी किंमत काय असते ते भीमरावांनी असं घरातच पाहिलं.

१९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन ते बी. ए. झाले. १९१३ साली महाराजा सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. तिथे त्यांचे गुरू होते प्रा. एडविन सेलिग्मन. कर कोणावर बसवावा आणि त्याचा बोजा अखेर कोणाच्या पाठीवर पडतो, या विषयातला त्या काळचा मोठा माणूस. १९१५ साली बाबासाहेबांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि जमाखर्च या विषयावर एम. ए. चा प्रबंध लिहिला. हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नावरही अभ्यास केला. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परत यावं लागलं.

मग सिडनहॅम कॉलेजात नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० अर्थशास्त्राचे प्राध्यापक. पगार साठवला, कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने उसने पैसे दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. इकडे परळच्या चाळीत माता रमाई काटकसरीने घर चालवत होत्या. तिकडे साहेब अर्धपोटी राहून ग्रंथालय उघडायच्या आधी दारात उभे. एकेक पेनी मोजून जगणारा हा माणूस अभ्यास कशाचा करत होता? साम्राज्याच्या कोट्यवधी रुपयांच्या हिशोबाचा!

१९२१ साली एम. एस्सी. झाली. डी. एस्सी. साठी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध दिला. परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला लावला. लिहिला. १९२३ साली पदवी मिळाली आणि त्याच वर्षी तो ग्रंथ लंडनमध्ये छापून आला. आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केला. १९२५ साली दुसरा ग्रंथ आला, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीचा. तो सयाजीरावांना अर्पण केला. प्रस्तावना सेलिग्मनसाहेबांची. याच ग्रंथावर १९२७ साली कोलंबियाने त्यांना पीएच. डी. दिली.

ज्याने खर्च करायचा त्याने कर मागावा

प्रांत म्हणजे आजच्या भाषेत राज्य. मुंबई, मद्रास, बंगाल अशा प्रांतांचा पैसा १८३३ पासून १९२१ पर्यंत कसा फिरला, याची सगळी कथा या ग्रंथात आहे. विषय कोरडा वाटतो, पण कथा आपल्या घरातली आहे असं समजून ऐका.

समजा, एकत्र कुटुंब आहे. पाच भाऊ, तिजोरी एकाच्या हातात. बाकीचे चार फक्त खर्चाच्या याद्या देतात. मग काय होतं? जो जास्त आरडाओरडा करील त्याला जास्त मिळतं. आणि ज्याने वाचवलं, त्याचं वाचलेलं दुसऱ्याकडे जातं. मग वाचवील कोण? १८३३ च्या कायद्याने नेमकं हेच झालं. सगळा पैसा मध्यवर्ती सरकारचा, कारभार मात्र प्रांतांचा. साधी नवी जागा निर्माण करायची तरी कलकत्त्याची परवानगी. आणि कर वसूल करायचं दुखणं प्रांताला नाही, म्हणून खर्चाला धरबंध नाही. त्यात १८५७ चा उठाव झाला, लष्कराचा खर्च वाढला, तिजोरीला भगदाड पडलं. १८६० साली प्राप्तिकर आणावा लागला.

शेवटी लॉर्ड मेयोने १८७१ पासून पोलीस, तुरुंग, शिक्षण, दवाखाने, रस्ते अशी काही खाती प्रांतांना तोडून दिली आणि त्यासाठी ठरावीक रक्कम बांधून दिली. १८७७ पासून रकमेऐवजी उत्पन्नाची काही कलमं दिली. १८८२ पासून काही उत्पन्न दोघांत वाटून घ्यायची पद्धत आली, ती १९२१ पर्यंत टिकली. या तीन पायऱ्यांचा असा उलगडा त्यापूर्वी कोणी केला नव्हता.

यातून बाबासाहेबांनी जे सूत्र काढलं ते आजही खरं आहे. जो खर्च करतो त्यानेच लोकांपुढे उभं राहून कर मागितला पाहिजे, तरच तो पैसा जपून वापरतो. खुल्या बाजाराचे कैवारी अर्थतज्ज्ञ हेच सांगत आले आहेत. पण बाबासाहेब तिथे थांबले नाहीत. त्यांनी विचारलं, पैसा घेतला कोणाकडून? शेतसाऱ्याने शेती खचली. मिठावरच्या कराने गरिबाची भाकरी महाग झाली. नाक्यानाक्यावरच्या जकातीने देशातल्या देशात माल हलेना आणि कारागीर बसला. आणि गेला कशावर? लढायांवर, लष्करावर आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पगारावर. शाळा आणि कालवे रांगेत शेवटी. सरकार परकं, लोकांना जबाबदार नाही, म्हणून लोकांच्या भल्यासाठी खर्च करायची त्याची ऐपत असली तरी वृत्ती नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. हे कोणी लिहिलं? ज्याला त्याच्या देशात बैलगाडीत बसायला मिळत नव्हतं त्याने.

रुपया कोणाच्या हातात?

दुसरा ग्रंथ रुपयावरचा. हा थोडा अवघड आहे, पण गाभा सोपा आहे.

१८९३ पर्यंत आपला रुपया चांदीचा होता. कोणीही टाकसाळीत चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत होता. चांदी घसरली तसा रुपया घसरला. सरकारने १८९३ साली टाकसाळ लोकांना बंद केली आणि पुढे रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स असा बांधला. रुपया किती पाडायचा हे आता सरकारच्या मर्जीवर. केन्ससारख्या जगप्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञाने १९१३ साली या व्यवस्थेची स्तुती केली. तिशीतल्या आंबेडकरांनी केन्ससाहेबांच्या विरुद्ध लेखणी उचलली.

त्यांचा मुद्दा असा. सरकारला वाटेल तितके रुपये पाडायची मोकळीक दिली की कधी ना कधी ते जास्त पाडणारच. कर वाढवला तर लोक ओरडतात, रुपये वाढवले तर कोणाला दिसत नाही. पण रुपये वाढले की रुपयाची किंमत उतरते, भाव चढतात. याचा फटका कोणाला? शेठजी मालाचा भाव वाढवून घेतो. गिरणीत बाराबारा तास उभा असलेला कामगार, रोजावर जाणारी बाई यांचा रोज लगेच वाढत नाही. हातात रुपया तोच, पोटात भाकरी अर्धी. व्यापाऱ्याचा हा नफा देशाची कमाई नव्हे, मजुराच्या ताटातून काढून घेतलेला घास आहे, असं त्यांनी दाखवून दिलं. मसूरच्या रस्त्यावर निम्मा ठरलेला रुपया आठवतो ना? जातीने रुपया निम्मा होतो आणि महागाईनेही होतो. दोन्हीकडे मरतो गरीबच.

म्हणून चलन सोन्याला जोडलेलं असावं, रुपये पाडण्याला कायद्याची पक्की मर्यादा असावी, राज्यकर्त्याच्या लहरीवर ते सोडू नये, असं त्यांचं मत. राज्यकर्ता मूर्ख निघाला किंवा लबाड निघाला तरी लोकांचा पैसा सुरक्षित राहिला पाहिजे. त्यांचे लंडनचे गुरू प्रा. एडविन कॅनन हे जुन्या मुक्त व्यापाराच्या परंपरेतले. त्यांनी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. बरेच मुद्दे आपल्याला पटत नाहीत असं मोकळेपणी सांगितलं, पण विचारांच्या ताजेपणाचं कौतुक केलं आणि व्यवहारातला निष्कर्ष बरोबर असावा असा कौलही दिला. शिष्य गुरूची री ओढत नाही आणि गुरू त्याला तरीही शाबासकी देतो, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगावं असं उदाहरण आहे.

डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. याच कमिशनने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. पुढे १९३४ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. बँक एकट्या बाबासाहेबांनी काढली असं आपल्याकडे भाषणात सांगतात, ते तितकंसं खरं नाही. कमिशनपुढे अनेकांनी मतं मांडली होती. पण त्या चर्चेत त्यांचा आवाज होता. बाबासाहेबांचं मोठेपण खऱ्या गोष्टींनी भरपूर सिद्ध होतं, त्याला वाढवून सांगायची गरज नाही.

कौन्सिलातला पहिला सवाल

१९२७ साली बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलात नेमले गेले. २४ फेब्रुवारी १९२७ रोजी बजेटवर बोलायला उभे राहिले. सभासदांना वाटलं असेल, अस्पृश्यांचा प्रतिनिधी आहे, विहिरी आणि वसतिगृहांबद्दल बोलेल. ते बोलले करपद्धतीवर.

त्यांनी दोन कर समोरासमोर ठेवले. प्राप्तिकर आणि शेतसारा. प्राप्तिकर कमाई झाली तर द्यायचा, ठरावीक कमाईच्या खाली माफ. शेतसारा मात्र पीक येवो न येवो, द्यायचाच. एक एकरवाला कुणबी असो की मोठा जहागीरदार, दर तोच. ऐपत पाहून कर घ्यावा हे तत्त्व शहरातल्या श्रीमंताला लागू, आणि खेड्यातल्या गरिबाला नाही. हा कुठला न्याय? अशा करावर उभा राहिलेला कारभार न्याय्य म्हणता येत नाही, हे त्यांनी सरकारच्या तोंडावर सांगितलं.

१२ मार्चला शिक्षणाच्या खर्चावर बोलले. त्यांनी मांडलेला हिशोब असा होता: सरकार माणशी शिक्षणावर खर्च करतं चौदा आणे, आणि दारूच्या अबकारी उत्पन्नातून माणशी घेतं दोन रुपयांहून जास्त. निदान दारूतून जेवढं काढता तेवढं तरी शाळेत घाला, एवढीच मागणी. आणखी आठ दिवसांनी, २० मार्चला, याच माणसाने महाडला चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं. आपण तळं लक्षात ठेवलं, चौदा आणे विसरलो. पण बाबासाहेबांच्या लेखी दोन्ही एकच लढाई होती. तळं सार्वजनिक पैशाचं, त्यावर सगळ्यांचा हक्क. तिजोरीही सार्वजनिक पैशाची, तिच्यावरही सगळ्यांचा हक्क.

वतन आणि खोती

आपल्या आजा-पणजांना वतनाचा अभिमान होता. वतन म्हणजे मान, असं समजत. बाबासाहेबांनी हिशोब करून दाखवलं की ते मान नव्हे, गळ्यातला दोर आहे. दिवसरात्र सरकारी काम, निरोप न्यायचा, सामान वाहायचं, बाप आजारी असला तर पोराने किंवा घरच्या कोणीही जायचं. आणि मोबदला? थोडी इनाम जमीन, नावापुरता पैसा, आणि गावकऱ्यांच्या दारात जाऊन मागायचं बलुतं. सरकार आपल्या खर्चात बचत करत होतं ती महारांच्या फुकट कष्टावर. कागदावर हा खर्च दिसतच नव्हता.

१९२८ साली त्यांनी वतनाचं बिल आणलं. ज्याला हवं त्याने जमिनीचा पूर्ण सारा भरावा, जमीन रयताव्याने कायम करून घ्यावी आणि सक्तीच्या चाकरीतून मोकळं व्हावं. म्हणजे पाहा, कर वाढला तरी चालेल पण गुलामी नको! बिल चिकित्सा समितीत अडकलं, १९२९ मध्ये मागे घ्यावं लागलं. १९३७ साली पुन्हा आणलं. १९३९ च्या डिसेंबरात हरेगावला वतनदारांची परिषद घेऊन वाढीव जुडीविरुद्ध आवाज उठवला. कनिष्ठ वतनं कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने, साहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

कोकणातली खोती तशीच. सरकार आणि कुळ यांच्यामध्ये खोत. तो सारा वसूल करणार, सरकारला ठरलेला देणार, आणि वर कुळाकडून मनमानी घेणार. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं. त्यात खोतांना वाजवी भरपाई देण्याचीही तरतूद होती. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर नेला. त्यात कुणबी होते, महार होते, सगळ्या जातींचे कसणारे होते.

१९३६ साली जातिनिर्मूलनावर लिहिताना त्यांनी हेच मोठ्या पटावर मांडलं. जात ही कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे. एक धंदा बुडाला तर माणसाने दुसरा धरावा, हा बाजाराचा साधा नियम. जात तो धरू देत नाही, म्हणून बेकारी येते. मोकळ्या बाजाराचं नुसतं गुणगान करणाऱ्यांना हा मुद्दा अजूनही नीट उमगलेला नाही. माल मोकळा फिरतो आणि माणूस बांधलेला, याला खुला बाजार कसं म्हणायचं?

स्वस्त कारभार म्हणजे चांगला कारभार?

१९३७ साली काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. मंत्र्यांनी पाचशे रुपये पगार घ्यायचा असं ठरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबासाहेब म्हणाले त्याचा आशय असा की नुसता कमी पगार म्हणजे काटकसर नव्हे. माणूस लायक हवा, गरीब घरातलाही मंत्री होऊ शकला पाहिजे, आणि हात स्वच्छ राहिले पाहिजेत. फुकटातला कारभार कधीकधी सगळ्यात महाग पडतो.

दारूबंदीलाही त्यांनी असंच तराजूत घातलं. दारू त्यांनी कधी चांगली म्हटली नाही. पण अबकारीचं उत्पन्न सोडायचं, वर बंदीसाठी पोलीस पोसायचे, चोरटी भट्टी घराघरात शिरणार, आणि शाळेला पैसा नाही म्हणायचं, हे त्यांना पटलं नाही. १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या जाहीरनाम्यात त्यांनी दारूबंदी उठवायला सांगितली, लष्कराचा खर्च कमी करायला सांगितला, विम्याचं राष्ट्रीयीकरण मागितलं, आणि मिठावरचा कर परत बसवा असंही सांगितलं. ज्या कराला तरुणपणी नावं ठेवली तोच परत? होय. १९५४ साली राज्यसभेत त्यांनी खुलासा केला. या करातून येणारा पैसा वेगळा ठेवून त्यातून अस्पृश्यांना पडीक जमिनींवर वसवा, आणि त्या निधीला गांधीजींचं नाव द्या. म्हणजे कर चांगला की वाईट हे त्यांच्या लेखी दोन प्रश्नांवर ठरे: कोणाकडून घेता, आणि कोणासाठी खर्चता?

मग बाबासाहेब कोणाचे?

१९९१ नंतर देशात उदारीकरण आलं. तेव्हापासून ओढाताण सुरू आहे. खाजगीकरणवाले रुपयाचा ग्रंथ दाखवून म्हणतात, बाबासाहेब आमचे. दुसरे १९४७ ची राज्ये आणि अल्पसंख्याक ही पुस्तिका दाखवतात. त्यात तर त्यांनी मुख्य उद्योग, विमा आणि शेतीसुद्धा सरकारच्या मालकीची करावी असं मागितलं होतं. म्हणून तेही म्हणतात, आमचे.

खरं सांगायचं तर ते कोणत्याच पोथीचे नव्हते. १९४२ ते ४६ मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्यातली धरणं आणि वीज यांच्या पायाभरणीत त्यांनी पुढाकार घेतला, कारण तेवढा खर्च सरकारच करू शकत होतं. आणि १९५१ च्या जाहीरनाम्यात त्यांनी म्हटलं की जिथे सरकारी उद्योग आवश्यक आहे तिथे सरकारी असू द्या, जिथे खाजगी चालतं तिथे खाजगी चालू द्या. पोथी बघू नका, माणूस बघा. सरकारच्या हातात बेलगाम पैसा नको, हे ते कॅननच्या वर्गात शिकले. शेठच्या हातात बेलगाम माणूस नको, हे ते मसूरच्या रस्त्यावर शिकले.

संविधानातही हे दोन्ही धडे उतरले. केंद्राने किती कर्ज काढावं याची मर्यादा संसदेने कायद्याने घालावी अशी सोय २९२ व्या कलमात आहे, आणि संसदेने ती वापरावी अशी अपेक्षा त्यांनी संविधान सभेत बोलून दाखवली. तसा कायदा व्हायला २००३ साल उजाडलं. केंद्र आणि राज्यांत पैसा वाटायला २८० व्या कलमात वित्त आयोग आला. प्रांतांच्या विक्रीकराने देशातला व्यापार अडू नये म्हणून २८६ वं कलम आलं. आणि पै-पै तपासणारा महालेखापरीक्षक हा संविधानातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी, असं मत त्यांनी १९४९ साली मांडलं. न्यायाधीशापेक्षाही त्याचं काम मोठं! ज्याने आयुष्यभर हिशोब मागितला त्यालाच हे सुचावं.

आपण काय करायचं?

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात साहेबांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्यावा असं सांगितलं. म्हणजे तिथेही त्यांनी श्रद्धेबरोबर हिशोब दिला. सरकारच्या तोंडाकडे बघत बसू नका, स्वतःचं थोडं घाला, आणि जे सरकारचं देणं आहे ते मात्र ठणकावून मागा. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले.

१९७९-८० पासून अनुसूचित जातींसाठी बजेटात वेगळा विशेष घटक निधी ठेवायची पद्धत आली. पण कागदावर ठेवलेला पैसा आणि वस्तीत पोचलेला पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न खर्चलेला निधी दुसरीकडे वळतो, अशी तक्रार वर्षानुवर्षं होत आली. आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या राज्यांनी २०१३ साली त्यासाठी खास कायदे केले. आणि तो पैसा येतो कुठून? आपल्याच घरातून. प्राप्तिकर आपल्यातले थोडे भरत असतील, पण चहापत्ती, साबण, मोबाईलचा रिचार्ज यावरचा कर झोपडीतली आजीसुद्धा भरते. म्हणजे आपण मागणारे नाही, आपण देणारे आहोत. देणाऱ्याला हिशोब विचारायचा अधिकार असतो.

तेव्हा १४ एप्रिलला मिरवणूक जरूर काढू. पण वर्षातून एक संध्याकाळ विहारात राज्याचं बजेट घेऊन बसू. शाळेला किती, शिष्यवृत्तीला किती, आणि गेल्या वर्षी दिलेल्यातलं पोचलं किती, एवढे तीन आकडे काढू. आपली शिकलेली पोरं ते वाचून दाखवतील, बायाबापड्या ऐकतील. आणि त्याच संध्याकाळी आपल्या विहाराचा जमाखर्चही सगळ्यांसमोर वाचू. कारण दुसऱ्याला हिशोब मागणाऱ्याने आधी स्वतःची वही उघडी ठेवली पाहिजे.

चौदा आण्यांचा तो सवाल विचारून आता जवळजवळ शंभर वर्षं होत आली. आकडे बदलले, सवाल तोच आहे. तो विचारत राहणं हीच त्या महामानवाला आपली आदरांजली.

जय भीम! नमो बुद्धाय!